भरतचा वाटा

महाडच्या नदीकाठी मासळीचे वाटे कसे पडतात ते आधी सांगितलेलं बरं. नाहीतर चंद्रभागा म्हातारी तुम्हाला वेडी वाटेल, आणि ती वेडी मुळीच नव्हती.

होडी काठाला लागली की मासळी ओल्या गोणपाटावर ओततात आणि तिचे ढीग करतात. होडीत गेलेल्या प्रत्येक माणसाचा एक, शिवाय होडीचा एक आणि जाळ्याचा एक. आता ढीग करणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी एखाद्या ढिगात जिताड्याचा तुकडा जरा जाड जातोच, आणि सगळ्यांचे डोळे नेमके तिथंच खिळतात. म्हणून एक जण ढिगांकडे पाठ करून बसतो. ढीग करणारा एका ढिगाला काठी लावतो आणि विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस मागे न बघता नाव घेतो. ज्याचं नाव निघालं त्याचा तो ढीग. मग रडायचं नाही, बदलून मागायचं नाही आणि घरी जाऊन बायकोपाशी कुरकुरायचंही नाही. पाठमोऱ्याला स्वतःचा वाटा नसतो, म्हणून त्याच्या शब्दाला मान. जाताना जो तो त्याच्या टोपलीत मूठभर टाकतो, तेवढंच.

आणखी एक रीत आहे. होडीत पाय ठेवला त्यालाच वाटा. तो ताप भरून दिवसभर आडवा पडून राहिला, तरी वाटा त्याचाच. मात्र मध्येच दासगावला उतरून घरी निघून गेला, की पुढच्या मासळीवरचा त्याचा हक्क सुटला. होडीतून उतरेपर्यंत माणूस होडीचा. कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण कोर्टातल्या कायद्याची नसेल एवढी भीती या रीतीची आहे.

चंद्रभागा आपल्या नवऱ्याच्या काळापासून पाठमोरी बसत आली. धक्क्यावर एक काळा कातळ आहे, त्यावर रस्त्याकडे तोंड करून ती बसायची. मागे सावित्री, मागे मुलगे, मागे मासळी. थोरला भरत ढीग करायचा आणि तोच विचारायचा. त्याची विचारायची एक ढब होती. शेवटचा शब्द तो खेळात गंमत करावी तसा लांबवायचा. "हा कोणाचाऽऽ?" धाकटा धोंडू आणि त्यांचा भागीदार नझीर त्याची नक्कल करून हसायचे. भरतची बायको दर्शना टोपली घेऊन उभी असायची, तिलाही हसू यायचं.

पुढं एका पावसात तळीये गावावर डोंगर उतरला, आणि त्याच पावसात सावित्री पेठेत शिरली. महाडला पाणी नवं नाही. पाणी चढायला लागलं की इथला व्यापारी माल वरच्या फळीवर टाकून चहा घेतो. त्या वेळी मात्र वरची फळीही बुडाली आणि चहा करायला चूलही उरली नाही. भरत, धोंडू आणि नझीर होडी घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून फिरले. गॅलरीतून माणसं उतरवायची आणि उंचावर नेऊन सोडायची. एका फेरीला धोंडू आणि नझीर एका अधू म्हाताऱ्याला उचलून जिन्याने वर नेत होते, तेवढ्यात पलीकडून कोणीतरी हाक मारली. भरत म्हणाला, "तुमी याला पोचवा, मी आलोच." तो एकटाच वळला. पुढं काय झालं ते कोणी पाहिलं नाही. पाणी ओसरल्यावर होडी दासगावजवळच्या खाजणाच्या चिखलात पालथी सापडली. भरत सापडला नाही, आजपर्यंत नाही.

होडीची डागडुजी झाली. पोट कोणाला थांबत नाही, म्हणून धोंडू आणि नझीर पुन्हा पाण्यावर गेले. पहिल्याच दिवशी धोंडूने वाटे घालताना सवयीने पाच ढीग केले. माणसं दोन, होडी, जाळं, मग पाचवा कुठला? हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा चार नावं निघून गेली होती आणि काठी पाचव्या ढिगावर टेकली होती. त्याने विचारून टाकलं, "हा कोणाचा?"

कातळावरून चंद्रभागा शांतपणे म्हणाली, "भरतचा."

बोलणार काय? पाठमोरीचा शब्द. त्या ढिगाला कोणी हात लावला नाही. शेवटी तीच उठली, ढीग पदरात घेतला, धक्क्याच्या पायऱ्या उतरून खालच्या पायरीवर पाण्याच्या कडेला ठेवला आणि घरी गेली. सकाळी पायरी रिकामी होती.

तेव्हापासून पाच ढीग ठरूनच गेले.

दर्शनाने सुरुवातीला याकडे पाहिलंच नाही. तिला बघायला वेळही नव्हता. मासळी महाडच्या बाजारात विकायची, उरली तर एसटीने पोलादपूरला न्यायची, घरी सेजल नावाची शाळकरी मुलगी, आणि रात्री डोळे मिटले की पाणी. पुरापासून तिने घोट्यापुरतंही पाणी अंगाला लागू दिलं नव्हतं. टोपलीसुद्धा ती धक्क्यावर उभी राहून, वर ओढलेल्या बादलीनं धुवायची. सासूला दुःख आहे, सासू चार मासे नदीला देते, देऊ दे, असं ती म्हणायची. ज्याचं प्रेत मिळालं नाही त्याच्या बायकोनं ज्याचं प्रेत मिळालं नाही त्याच्या आईला काय शिकवायचं?

मग ती मगर यायला लागली.

मगरी सावित्रीला जुन्या आहेत. उन्हात काठावर पसरलेल्या असतात, पलीकडून जाणारे लोक मोबाईलवर फोटो काढतात, आणि माणूस जवळ आला की त्या सुळकन पाण्यात उतरतात. मासेमारी करणाऱ्यांनी त्यांना आणि त्यांनी यांना कधी फारसा त्रास दिला नव्हता. ही मात्र एकटी यायची, वाटे पडायच्या वेळी यायची, आणि हटायची नाही. पाण्यावर फक्त नाकाडं आणि दोन डोळे. चंद्रभागेनं ढीग ठेवून पाठ वळवली की ती हळूच पायरीशी लागायची.

आळीत कुजबुज सुरू झाली. आळीला काय, निमित्तच हवं असतं. कोणी म्हणालं डोळ्यावर खूण आहे, भरतला लहानपणी वल्हं लागलं होतं तिथंच. नझीर वैतागून म्हणाला, "मगरीला मगरीसारखी खूण असते. मी दुबईत कामाला होतो तवा बारा गावचे लोक बघितले, तिथं पन आठवन आली की सगळे मना भरतसारखेच दिसायचे." ढीग ठेवताना आता चंद्रभागा हळू आवाजात बोलायची, घरी जेवायला वाढताना बोलतात तसं.

दर्शनाने ते सगळं उडवून लावलं असतं, पण एक गोष्ट ती रोज सकाळी बघत होती. ढिगातली बोय जायची, कोळंबी जायची, चिंबोरी कवचासकट जायची, आणि शिंगाळी तशीच राहायची. प्रत्येक वेळी. पायरीवर दोन शिंगाळ्या मिशा पसरून पडलेल्या.

भरतला शिंगाळी आवडत नव्हती. कालवणात चुकून आली तर तो ताटाच्या कडेला सरकवायचा, आणि दर्शना ती उचलून स्वतःच्या ताटात घ्यायची. लग्नापासून तिनं किती शिंगाळ्या खाल्ल्या होत्या त्याला गणती नव्हती. हे तिच्याखेरीज आणि सासूखेरीज कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि मगरीला तर नव्हतंच.

एके दिवशी पोलादपूरला मासळी लवकर खपली. ती दुपारच्या गाडीनं परत आली आणि टोपली धुवायला सरळ धक्क्यावर गेली. वरून तिला आधी सासू दिसली, मधल्या पायरीवर बसलेली. मग खालच्या पायरीवर सेजल दिसली. शाळेचा गणवेश अंगावर, पाय पाण्यात, उकिडवी बसलेली. तिच्या हातात शेपटीला धरलेली एक बोय होती, आणि हात पुढे केलेला होता. हाताच्या पुढं, वीत-दीड वीत अंतरावर, ते नाकाडं होतं.

दर्शना पायऱ्या कशा उतरली ते तिला नंतर आठवलं नाही. तिनं पोरीला काखेत धरून ओढली, दोघी पाठीवर पडल्या, टोपली गडगडत पाण्यात गेली. मगर हलली नाही. तिनं तोंडही उघडलं नाही. नुसती बघत राहिली, आणि मग आली तशीच मागे सरकली.

"आई, ओरडू नको ना," सेजल रडवेली होऊन म्हणाली. "त्यो घाबरतो."

"कोण घाबरतो?"

"बाबा."

दर्शनानं तिच्या गालात मारली. आयुष्यात पहिल्यांदा मारली. मग तिलाच धरून तिथंच रडत बसली. सासू मधल्या पायरीवरून म्हणाली, "पोरीला मारू नको गो. ती काय खोटा बोलली?"

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं. खरं म्हणजे भांडण एकटी दर्शनाच करत होती. म्हातारी तांदूळ निवडत होती.

"आई, ती मगर हाय. मगर. पोरीला नेली असती तिनं."

"तो होडीत चढला ते सगळ्यांनी बघितला," चंद्रभागा म्हणाली. "धोंडूनं बघितला, नझीरनं बघितला. उतरला ते कोणी बघितला? तू बघितलास?"

"कसा बघनार? होडी पालथी—"

"मंग? उतरला नाय तवर वाटा तुटत नाय. ही रीत मी नाय केली गो. तुझ्या सासऱ्यानं पन नाय केली. उद्या तो आला आनि म्हनाला, आये, मी होडीत होतो आनि तू माझा वाटा दुसऱ्याला दिलास, तर काय सांगू त्याला?"

"आई, ती मगर हाय," दर्शना पुन्हा म्हणाली.

म्हातारीनं सुपातून एक खडा उचलून बाजूला टाकला. "मगर हाय तर शिंगाळी का ठेवते?"

दर्शनाची भीती सासूला कळली नव्हती, आणि ती सांगण्यासारखीही नव्हती. ती मगर भरत नाही याची तिला भीती नव्हतीच. ती भरतच असली तर? पाण्याखाली एकटा असलेला माणूस, ज्याला पोरीची इतकी माया होती की कामावरून आल्यावर आंघोळीआधी तिला उचलायचा, तो आता तिला जवळ घ्यायला आला असेल तर? त्याला कसं सांगायचं की नको येऊस? नवऱ्यावर तिचा जीव होता. पण पोर तिला जिवंत हवी होती, कोरडी हवी होती. दोन्ही एकाच घरात राहणार नाहीत हे तिला त्या रात्री नीट कळलं.

तिनं सेजलला कडी लावून ठेवून पाहिलं. पण बाबाला भेटायला निघालेल्या पोरीपुढं कडीचं काय चालणार? ती मागच्या खिडकीतून गेली. मुंबईला भावाकडे पाठवावी असं मनात आलं, तसा भावाला फोनही केला. तो म्हणाला, "पाठव, जागा करू," आणि फोन ठेवल्यावर तिला आपलं घर डोळ्यांपुढं आलं, पोर नसलेलं, आणि एक म्हातारी रोज नदीवर जाणारी. ते जमलं नाही.

मग तिनं धोंडूला गाठलं. "भावोजी, चारच ढीग कर. पाचवा नसलाच तर त्या मगरीला काय मिळनार?"

धोंडूनं मान डोलावली. त्यालाही ते हवंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं चारच ढीग घातले आणि काठी टेकवली.

"हा कोणाचा?"

"होडीचा," कातळावरून आवाज आला.

"हा?"

"जाळ्याचा."

"हा?"

"नझीरचा."

"हा कोणाचा?" धोंडूनं शेवटचं विचारलं.

"भरतचा."

धोंडू काठी धरून तसाच उभा राहिला. मग कसंनुसं हसला. "घ्या. आयनंच मला उपाशी ठेवला." नझीरनं आपल्या ढिगातला अर्धा त्याच्याकडे सरकवला. दुसऱ्या दिवशी नझीरचं नाव राहिलं, तेव्हा धोंडूनं सरकवला. दर्शना नझीरला म्हणाली, "तू तरी सांग आमच्या आईला." नझीरनं डोक्याला बांधलेला रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. "भाभी, पाठमोरीचा शब्द हाय. तो आपुन मोडला तर मंग कोण कोणाचा वाटा मानंल? तिनं स्वतः जागा सोडली तर गोष्ट येगळी."

चंद्रभागा कसली जागा सोडते!

इकडे पायरीवरच्या शिंगाळ्या वर चढायला लागल्या. आधी त्या खालच्या पायरीवर सापडायच्या. मग मधल्या पायरीवर. भरतीचं पाणी तिथवर येत नव्हतं. ढीग खालीच ठेवलेला असायचा, पण नको असलेले मासे वर आणून टाकलेले. दर्शना सकाळी येऊन बघायची आणि पायानं ते पाण्यात ढकलायची. एका सकाळी ते धक्क्याच्या अगदी वर सापडले, काळ्या कातळाच्या पायथ्याशी, नीट एकाशेजारी एक. तिथून रस्ता चार पावलांवर, आणि रस्ता ओलांडला की त्यांचं दार.

त्या दिवशी ती पोलादपूरला गेली नाही, महाडच्या बाजारातही गेली नाही.

दुपार ढगाळ होती. ओहोटीचं पाणी, काठाला चिखल उघडा पडलेला. होडी यायच्या आधीच दर्शना जाऊन काळ्या कातळावर बसली, नदीकडे पाठ करून. नदी मागे असते तेव्हा ती समोर असते त्यापेक्षा मोठी वाटते, हे तिला तोवर माहीत नव्हतं. सासू इतकी वर्षं इथं कशी बसली असेल?

मागे होडी लागल्याचा आवाज झाला. धोंडू आणि नझीरनं तिला तिथं पाहिलं असणार, कारण त्यांचं बोलणं एकदम थांबलं. मासळी गोणपाटावर पडली. तेवढ्यात रस्त्यानं चंद्रभागा आली. तिच्या हाताला सेजल.

"ऊठ," म्हातारी म्हणाली.

"नाय उठत."

"दर्शना, ऊठ गो. ती माझी जागा हाय."

"आई, आजच्या दिवस मी नाव घेते. तुमाला राग आला तर मारा मना. पन मी उठनार नाय."

चंद्रभागा तिच्याकडे बघत राहिली. दर्शनाला वाटलं, आता ही खरंच मारेल. पण म्हातारीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. ती वळली आणि सवयीनं, जशी रोज बसायची तशीच, कातळाच्या उरलेल्या कोपऱ्यावर टेकली. दोघींच्या पाठी नदीला, तोंडं रस्त्याला. सेजल त्यांच्यासमोर उभी राहिली. म्हणजे सगळ्यांत एकटी तीच नदीकडे बघत होती.

मागे ढीग घालायचा ओला चपचप आवाज येत होता. मग काठी टेकली.

"हा कोणाचा?" धोंडूचा आवाज अवघडलेला होता.

"होडीचा," दर्शना म्हणाली.

"हा?"

"नझीरचा."

"हा?"

"जाळ्याचा."

"हा कोणाचा?"

"धोंडूभावोजींचा."

दर्शनाला माहीत होतं की पाचवा ढीग आहे. रोज एक जण उपाशी नको म्हणून धोंडूनं पुन्हा पाच घातले असणार. भरतचं नाव घ्यायचं नाही एवढंच तिनं ठरवलं होतं. मग कोणाचं घ्यायचं, ते ठरवलेलंच नव्हतं. सेजलचं घेतलं तर पोरीला होडीत जावं लागेल. कोणाचंच नाही घेतलं तर ढीग पायरीवर जाणार. वारा पडला होता. चिखलावर पाण्याचा बारीक आवाज येत होता, जसं कोणीतरी उथळ पाण्यातून पाय ओढत चालत येतंय.

"हा कोणाचाऽऽ?"

शेवटचा शब्द लांबवलेला. गमतीत. तिच्या अगदी मागे, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ.

दर्शनानं मान वळवली नाही. वळवायची नसते. शेजारी सासूचा हात तिच्या मनगटाभोवती घट्ट आवळला गेला, तेव्हा तिला कळलं की आपण एकटीनंच ऐकलेलं नाही. त्या आवाजाला ओल्या कपड्यांचा वास होता, आणि त्यात राग नव्हता. त्यात वाट बघून बघून कंटाळलेल्या माणसाची घाई होती. त्याचा वाटा त्याच्या तोंडावर काढून घ्यायचा, तोही तिनं! पण विचारणारा होडीत नसतो. विचारणारा काठावर उभा असतो.

"माझा," ती म्हणाली.

मग धोंडू मागून, जरा लांबून म्हणाला, "वैनी, कोनाशी बोलतेस? मी अजून काठी लावलीच नाय."

नझीरनं काहीतरी पुटपुटत दुवा म्हटली.

सेजल आईच्या खांद्यावरून मागे बघत होती. तिची नजर आधी ढिगांवर होती. मग ती हळूहळू सरकली, कातळाला वळसा घालून, आई आणि आजीच्या बाजूनं, वर रस्त्यापर्यंत, आणि रस्त्यावरून पुढे, जिथं कोणीही चालत नव्हतं. पोरगी घाबरली नव्हती. कामावर निघालेल्या माणसाकडे बघतात तशी ती बघत होती. मग तिनं नजर परत आणली आणि नाक पुसलं.

"उतरला," चंद्रभागा म्हणाली. तिनं दर्शनाचं मनगट सोडलं. "उतरला गो एकदाचा. काठावर येऊन इचारला त्यानं." आणि पुरानंतर पहिल्यांदा, ज्या म्हातारीनं दाराशी येणाऱ्या एकाही बाईला रडू दिलं नव्हतं, ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. दर्शनानं तिला जवळ घेतली. दोघी एकाच माणसाला पुरेल एवढ्या कातळावर दाटीवाटीनं बसून रडल्या, आणि धोंडू व नझीर ढिगांपाशी माना खाली घालून उभे राहिले.

दोघींचे डोळे पुसून झाल्यावर नझीरच बोलला. त्याला बोलणं भाग होतं. "भाभी, शब्द निघाला तुझा. पन पाठमोरीला वाटा नसतो. वाटा घ्यायचा म्हंजे कातळ सोडून होडीत पाय..."

"म्हाईत हाय मना," दर्शना म्हणाली.

ती उठली, साडी गुडघ्यापर्यंत ओढून खोचली आणि पायऱ्या उतरली. खालच्या पायरीपाशी पाणी तिच्या घोट्याला लागलं तेव्हा तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला, पण ती थांबली नाही. धोंडूनं पुढे होऊन होडीची कड धरली. तिनं एक पाय आत ठेवला, मग दुसरा. होडी हलली. दर्शना मधल्या फळीवर घट्ट धरून बसली, डोळे मिटून, कोणीही हसलं असतं अशी. कोणी हसलं नाही.

धक्क्यावर चंद्रभागेनं पाचवा ढीग स्वतःच्या हातानं दर्शनाच्या टोपलीत भरला. बोय, कोळंबी, आणि खाली राहिलेल्या दोन शिंगाळ्यासुद्धा. सेजल तिच्या मागोमाग ढिगापाशी आली.

"आजी, खाली नाय ठेवायचा?"

"नाय गो. हा तुझ्या आयचा हाय."

सेजलनं पाण्याकडे बोट केलं. होडीच्या पलीकडे, प्रवाहाच्या मधोमध, ते नाकाडं आणि दोन डोळे वाट बघत होते, रोजच्यासारखेच. पोरगी दोन पावलं पुढे झाली.

चंद्रभागेनं तिचा दंड धरून मागे ओढली.

"लांब उभी रा," ती म्हणाली. "मगर हाय ती."